कोपऱ्यातल्या उखळ्या

गंगाक्का नसती तर मी आज खाणीवर असतो, नाहीतर इचलकरंजीच्या एखाद्या मागावर पाळी करून कानानं बहिरा झालेला असतो. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. आमच्या वस्तीतल्या माझ्या वयाच्या बहुतेक मुलांचं तेच झालं, आणि त्यांच्यातले काही जण माझ्यापेक्षा चांगलं गणित करायचे. मला फक्त एक गोष्ट जास्त मिळाली. मठाच्या स्वयंपाकघरात विजेचा एक दिवा होता आणि त्याच्याखाली बसायला अक्कानं मला जागा दिली.

आमचं गाव मुरगूडच्या पुढं, डोंगर सुरू होतो तिथं. गावाच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर शिवाचा मठ, मधे ओढा, आणि ओढ्यापलीकडं दगडाची खाण. खाणीच्या कडेला पत्र्याची वस्ती होती, त्यात आमचं घर. माझे वडील, आबा, खाणीवर बार भरायचं काम करायचे. दगडाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, वर माती ठासायची, वात पेटवायची आणि लांब पळायचं. आई लोकांच्या रानात जायची. वस्तीत वीज नव्हती. पाचवीत गेल्यावर मला रॉकेलच्या चिमणीत वाचताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा आई मला मठात घेऊन गेली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, पोरगं तुमच्या दिव्याखाली बसंल का. आम्ही मराठ्याचे, मठ लिंगायतांचा. अक्कानं आईला आत बोलावून ताक दिलं आणि मला विचारलं, "जेवलास काय तम्मा?" तिचं माहेर निपाणीच्या बाजूचं होतं. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. त्या दिवसापासून तिनं मला नावानं कधी हाक मारली नाही. माझं नाव दत्तात्रय आहे हे तिला माझ्या लग्नाच्या पत्रिकेत वाचून आठवलं असावं.

मठ म्हणजे एक दगडी मंडप, त्याच्या आत गाभारा, आणि मंडपाच्या पाठभिंतीला टेकून उभ्या असलेल्या तीन खोल्या. या खोल्यांत अय्या आणि अक्का राहायचे. अय्या म्हणजे मठाचे पुजारी, अक्काचे यजमान, उंच, सडपातळ, बोलायला मोजकं पण हसायला मोकळं माणूस. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली होती. स्वयंपाकघराची एक भिंत ही मंडपाचीच भिंत होती, काळ्या घडीव दगडाची, इतकी जाड की तिच्यातल्या कोनाड्यात मी पाय दुमडून बसू शकायचो. उन्हाळ्यात त्या दगडाला पाठ लावली की घाम आटायचा. अक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची. ती काही भाकऱ्या मऊ करायची आणि काही मुद्दाम वाळवून कडक करायची. त्या कडक भाकरीचा चुरा करून त्यावर दही आणि शेंगाची चटणी घालून मला द्यायची. मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं भाकऱ्या करत ऐकायचं, असा आमचा ठराव होता. इतिहास तिला आवडायचा. भूमितीला ती कंटाळायची, पण गप्प बसवायची नाही. एखादं प्रमेय मी अडखळत म्हटलं की म्हणायची, "पुन्हा सांग, मला कळलं न्हाय." तिला कळेपर्यंत सांगता सांगता मलाच कळायचं. पुढं मी शिकवण्या घेतल्या, साइटवर पोरांना समजावून सांगितलं, ते सगळं त्या चुलीपुढं शिकलेलं आहे.

दुपारी खाणीचा बार उडायचा. आधी शिट्टी वाजायची, मग आबांच्या जोडीदाराची लांबलचक हाक यायची, बार हाय रंऽऽ, मग सगळं गाव क्षणभर थांबायचं. विहिरीवर पोहरा सोडणारी बाई थांबायची, शाळेत गुरुजी फळ्यावरून हात खाली घ्यायचे. मग पायाखाली एक धक्का आणि पाठोपाठ आवाज. अक्काच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची आणि मंडपातली पारवी एकदम उडायची. सुट्टीच्या दिवशी मी मठात असलो की शिट्टी झाल्यापासून मनातल्या मनात आबांबरोबर पळायचो. आवाज झाल्यावर थोड्या वेळानं दुसरी शिट्टी वाजायची, म्हणजे सगळे सुखरूप. ती शिट्टी होईपर्यंत अक्काही हातातलं पीठ तसंच धरून थांबायची. एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, तुझा बाप हाय की तिकडं.

आणखी एक बार आमच्या गावात होता, तो वर्षातून एकदा, मठाच्या यात्रेला. लोखंडी उखळ्या होत्या, कुटायच्या उखळाएवढ्याच, पण जड. त्या जमिनीत निम्म्या पुरायच्या, दारू घालायची, वर विटकरीचा चुरा ठासायचा आणि पालखी उठली की ओळीनं बत्ती द्यायची. बत्तीचा मान मठाचा, म्हणजे अय्यांच्या घराण्याचा. म्हातारी माणसं सांगायची की पूर्वी उखळ्या मठाखालच्या माळावर लावत. माळातून डांबरी रस्ता गेला, एसटी येऊ लागली, तेव्हा त्या वर आणाव्या लागल्या. वर कुठं मांडायच्या हे अय्यांनी ठरवलं. त्यांनी एका यात्रेला इकडं, एका यात्रेला तिकडं लावून बघितल्या आणि शेवटी मंडपाची भिंत आणि यात्रेकरूंना उतरायची ओवरी जिथं मिळते त्या कोपऱ्यात त्यांची जागा पक्की केली, कारण तिथं आवाज घुमायचा. दोन्ही भिंतींवर आपटून तो असा काही वर जायचा की शेजारच्या गावची माणसं म्हणत, तुमचा बार ऐकून आम्ही देवापुढं नारळ फोडतो. अय्यांना याचा फार अभिमान होता. यात्रेच्या आदल्या दिवशी ते स्वतः बसून उखळ्या घासायचे, आणि अक्का त्यांना चिडवायची, "पोरीच्या लग्नात इतकी भांडी घासली न्हाईत." ते हसायचे. त्या दिवशी घरात हुग्गी शिजत असायची, कुटलेल्या गव्हाची, गुळाची, वर खोबरं. तो वास आणि दारूचा वास मिळून माझ्या डोक्यात यात्रा तयार झाली आहे. आजही दिवाळीत नातवंडांनी फटाका लावला की मला गूळ आठवतो.

मी दहावीत असताना अय्या गेले. अगदी थोड्या आजारात गेले. त्यानंतरच्या यात्रेला बत्ती कोण देणार यावर गावात कुजबुज झाली. नवरा गेलेल्या बाईनं द्यावी का, पुतण्याला बोलवावं का. अक्कानं कुणाला काही विचारलं नाही. पालखी उठली तेव्हा पदर खोचून ती कोपऱ्यात गेली, लांब काठीला लावलेला पलिता हातात घेतला आणि एकामागून एक सगळ्या उखळ्या उडवल्या. आवाज पूर्वीसारखाच घुमला. पुढं कुणी तोंड उघडलं नाही. मला तिचा तो चेहरा आठवतो, कारण तो आनंदी होता. घरात आल्यावर ती मला म्हणाली, "ह्येनी असते तर म्हणाले असते, बरं जमलं."

बारावीनंतर मला कोल्हापुरात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. घरात आनंदापेक्षा भीती जास्त होती, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. आबा म्हणत होते, दूधसंघात चिकटवू, वारणेला ओळख काढू. अक्का ओढा ओलांडून आमच्या पत्र्याच्या घरी आली. ती वस्तीवर आलेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. काय बोलली ते मला कळू दिलं नाही. मला बाहेर पाठवलं होतं. परत आत गेलो तेव्हा आबा बूट पुसत होते. दुसऱ्या दिवशी ते मला कोल्हापूरला घेऊन गेले. वसतिगृहात ट्रंक ठेवून झाल्यावर त्यांनी कॉलेजच्या इमारतीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, दगड चांगला वापरलाय.

शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ती गोष्ट घडली. पावसाळा संपता संपता मंडपाच्या भिंतीवरचा एक दगड निसटून खाली आला. कुणाला लागलं नाही, पण सगळ्यांनी भिंतीकडं नीट पाहिलं तेव्हा दिसलं की ओवरीच्या कोपऱ्याजवळ तिला पोट सुटलंय आणि वरून खाली एक भेग गेली आहे. मी सुट्टीला आलो तेव्हा गावात दोन तट पडलेले होते. एक म्हणत होता, खाणीच्या बारानं भिंत फाटली, खाण बंद करा. दुसरा, त्यात तरुण पोरं जास्त, म्हणत होता की मंडप जुना झालाय, पाडून स्लॅबचा हॉल करू, लग्नाला उपयोगी पडेल. खाणीच्या मालकांनी यातून वाट काढली. चावडीत ते म्हणाले, माझ्या बारानं झालंय असं दाखवून द्या, उद्या खाण बंद करतो. तसं नसेल तर मंडप उतरवा, हॉल मी बांधून देतो. गावाला हे पटलं. मग कुणीतरी म्हणालं, आपला इंजिनिअर हाय की, त्यालाच बघू दे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी त्या रात्री काही जेवलो नाही. खाणीचा दोष निघाला तर आबांचं काम जाणार, आणि आमची सगळी वस्ती उठणार. दोष निघाला नाही तर मंडप पडणार, आणि मंडपाच्या भिंतीला टेकलेल्या अक्काच्या खोल्या त्याबरोबर जाणार. तिला मुलीकडं निपाणीला जावं लागलं असतं, जावयाच्या घरी. तिनं ते बोलून दाखवलं नाही. फक्त सकाळी म्हणाली, "जे हाय ते बघ. माझ्याकडं बघू नकोस, बापाकडं बी बघू नकोस." सांगायला सोपं होतं.

कॉलेजात आमचे एक सर होते, जुन्या बांधकामांचा नाद असलेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हा माझा प्रकल्प म्हणून मंजूर केला आणि मोटारसायकलला मागं एक पेटी बांधून ते स्वतः गावाला आले. पेटीत जमिनीची थरथर मोजायचं यंत्र होतं, भूकंप मोजतात त्याच्या जातीतलं, पण लहान. अक्कानं आधी त्यांना जेवायला वाढलं. मग यंत्राकडं बघत विचारलं, "पावणं, हे खोटं तर बोलणार न्हाय न्हवं?"

सर म्हणाले, "बोलत नाही, आजी. फक्त लिहितं."

"मग तम्मासारखंच हाय," अक्का म्हणाली. "आणि आजी कुणाला म्हणताय? तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे हाईत."

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दुपारी त्यांनी मला भिंत समजावून सांगितली, आणि मी पुढं आयुष्यभर ज्या विषयावर पोट भरलं त्याचा तो पहिला धडा. अशी भिंत अखंड दगडाची नसते. बाहेरून घडीव दगडाची एक रांग, आतून एक, आणि मधे कपच्या, माती आणि चुन्याची भर. दोन्ही रांगांना बांधणारा लांब दगड अधूनमधून एखादा. वरून पाणी मुरलं की मधली भर सुटी होते. मग धक्का बसला की ती थोडी खाली बसते, पोत्यातलं धान्य हलवल्यावर बसतं तशी, आणि बसताना बाहेरच्या दगडांना ढकलते. दगड परत आत येत नाहीत. आमच्या भिंतीला तर कुणीतरी बाहेरून सिमेंटनं सांधे भरले होते, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच राहत होतं. सर म्हणाले, भिंत कमजोर का झाली ते दिसतंय. आता तिला ढकलतंय कोण ते बघायचं.

आम्ही भेगेवर ठिकठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग केसाएवढी जरी हलली तरी काच तडकते, लाकडासारखी किंवा कागदासारखी ताणली जात नाही. भिंतीच्या पायाशी यंत्र ठेवलं. मग सरांच्या सांगण्यावरून आबांनी बार उडवले, काही नेहमीचे, काही मुद्दाम मोठे. त्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून खाणीवर गेले होते. बार झाला, भांडी किणकिणली, पारवी उडाली, यंत्राच्या कागदावर सुई थरथरली. काचा तशाच. आठवडे गेले, रोजचे बार झाले, काचा तशाच. प्रकल्पासाठी मी गावातच राहिलो होतो, आणि संध्याकाळी घरी गेलो की आबा चूळ भरता भरता विचारायचे, "फुटली काय रं?" मी न्हाय म्हणायचो आणि ते खाली बसायचे. मी त्यांच्याबरोबर बसायचो, पण मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, कारण प्रत्येक न फुटलेली काच अक्काला निपाणीच्या जवळ नेत होती.

यात्रा आली. सरांनी यंत्र तसंच ठेवायला सांगितलं होतं, यात्रेची गर्दी आणि वाजपही मोजून बघू म्हणून. मला यात्रेत काही निघेल असं वाटलं नव्हतं, खरं सांगायचं तर गावात कुणालाच वाटलं नव्हतं. आमच्याकडं दोन्हीला बारच म्हणतात, खाणीच्याला आणि उखळीच्याला. पण बारानं भिंत फाटली असं जो तो म्हणत होता तेव्हा कुणाच्या डोळ्यापुढं उखळी आली नाही. पालखी उठली. अक्का पलिता घेऊन कोपऱ्यात गेली. पहिली उखळी उडाली. मी भिंतीपाशी उभा होतो, आणि माझ्या तळपायातून काहीतरी वर आलं, ते खाणीच्या बाराला इतक्या जोरानं कधी आलं नव्हतं. सुई कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. शेवटची उखळी उडून धूर निवळल्यावर मी भेगेपाशी गेलो. काचा तडकल्या होत्या, कोपऱ्याजवळच्या सगळ्या. लोक चांगभलं म्हणत पालखीबरोबर पुढं गेले होते आणि मी तिथं बोट लावून उभा होतो.

सरांनी नंतर सगळं मांडून दाखवलं. खाण लांब, मधे ओढा, तिथला धक्का येईपर्यंत विरतो. उखळी भिंतीच्या पायाशी पुरलेली, तिचा धक्का सरळ पायात. शिवाय आवाज म्हणजे हवेचा दणका, तो कोपऱ्यात दोन भिंतींच्या मधे सापडला की दुप्पट होऊन भिंतीवरच येतो. ज्यासाठी अय्यांनी तो कोपरा निवडला होता, नेमकं तेच.

पण सर यायच्या आधी अक्काला कळायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला उरलेली हुग्गी वाढत होती. घरात पाहुणे नव्हते. तिनं वाटी पुढं ठेवली आणि म्हणाली, "काचा फुटल्यात. मी बघितल्या. खरं सांग, कुणाच्या बारानं?"

मी वाटी जरा बाजूला सारली. मग म्हणालो, "आपल्या."

तिला एका शब्दात सगळं कळलं असावं. ती चुलीकडं तोंड करून बसली आणि राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "ह्येनी मांडल्या त्या तिथं."

"व्हय."

"आवाज घुमतो म्हणून."

मी मान हलवली. ती बघत नव्हती.

"इतकं शिकलास," ती म्हणाली, "ते हे सांगायला काय?" आवाज चढलेला नव्हता, पण मला रडू आलं. तिनं ते बघितलं असावं, कारण लगेच म्हणाली, "खा. गार झाली तर घट्ट हुती." आणि ती उठून मंडपात गेली. मी हुग्गी खाल्ली. सगळी खाल्ली, कारण ताटात टाकलेलं तिला चालत नसे. ती दिवेलागणीपर्यंत आली नाही. आली तेव्हा म्हणाली, चावडीत तू बोलायचं न्हाईस, मी बोलणार.

घरी आबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांचं काम वाचलं होतं. ते कितीतरी वेळ विडी न पेटवता बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमचा बी वाटा असंल त्यात. रोजचा धक्का हाय, थोडा का असंना. तुझ्या सरांना सांग, तेबी लिवा." सरांनी लिहिलं. रोजच्या लहान धक्क्यांनी आतली सुटी भर बसत जाते, म्हणून खाणीनं एका वेळी थोडीच भोकं उडवावीत, आणि मधे थांबून पुढची. मालकांनी ते मान्य केलं. आबांचं काम त्यानं वाढलं, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही.

चावडीत सगळं गाव जमलं. सरांनी कागद दाखवला, भिंत कशी असते ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की सुटलेला कोपरा दगडाला खुणा करून उतरवता येतो आणि त्याच दगडांनी, चुन्यात, परत चढवता येतो. मंडप पाडायचं कारण नाही. पण उखळ्या त्या कोपऱ्यातून हलल्या पाहिजेत. त्यावर गलका झाला. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, अय्यांनी ठरवलेली जागा, आम्ही कोण हलवणार, मान मोडतोय. दोन पोरं म्हणाली, मग हॉलच बांधा.

अक्का बायकांत मागं बसली होती. ती उठली. म्हणाली, "जागा ह्येनी ठरवली. आता मी ठरवते. उखळ्या माळावर जातील, रस्त्याच्या पल्याड, पूर्वी हुत्या तिथं."

म्हातारा म्हणाला, "तिथं आवाज घुमायचा न्हाय."

"नसू दे घुमाय."

"आणि मान?"

"मान माझा हाय. मला माळापत्तूर चालता येतंय."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं. मी अक्काकडं बघत होतो. ती हसत नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बसली. तेव्हा मला समजलं नव्हतं, आता समजतं. त्या दिवशी तिनं अय्यांची एक गोष्ट चार माणसांत चुकीची म्हटली होती, आणि त्यांच्या माघारी असं करणं तिला किती जड गेलं असेल हे मला बायको गेल्यावर कळलं. बायकोनं मांडलेलं एक कपाट मी अजून हलवलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात कोपरा उतरवला. खाणीवरची माणसं आली, आबा आले, मालकांनी चुना दिला. दगडांवर खुणा करून माळावर ते ओळीनं मांडले होते, मठाची भिंत आडवी झोपल्यासारखी. माझा निकाल लागला, मी पास झालो, गावातला पहिला पदवीधर म्हणून मला हार घातला, आणि लगेच मला एका कंपनीत घाटातल्या रस्त्याच्या कामावर नोकरी लागली. पुढच्या यात्रेला रजा मिळाली नाही. यात्रेचं काय झालं ते मला आबांनी दुकानातल्या फोनवरून सांगितलं, ओरडून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. त्या संध्याकाळी मी हे पत्र लिहिलं. त्याची नक्कल मी ठेवली नव्हती. अक्का गेल्यावर तिच्या मुलीनं ते मला परत दिलं, म्हणून इथं जसंच्या तसं देता येतं.

ती. गंगाक्का,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी इथे खुशाल आहे. जेवणाची सोय आहे पण भाकरी मिळत नाही, चपाती मिळते. इथे रोज बार उडतात. माझं काम लांब उभं राहून मोजायचं आहे. दुसरी शिट्टी झाल्याशिवाय मी हलत नाही.

आबांचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं की पालखी उठल्यावर तू माळाकडे निघालीस, सगळे तुझ्या मागे निघाले, आणि अर्ध्या वाटेवर थांबून तू पलिता आबांच्या हातात दिलास. बार भरणाऱ्याच्या हातात मठाचा मान. आबा म्हणाले, पलिता घ्यायच्या आधी हात शर्टाला पुसले, खाणीवर कधी पुसले नाहीत. आमच्या घरासाठी तू काय काय केलंस ते लिहायला बसलो तर हे पत्र पुरणार नाही. एवढं लिहितो की मी शिकलो ते तुझ्यामुळे, आणि शिकून तुला दुखावलं, तरी तू मला दार बंद केलं नाहीस. याबद्दल आभार मानायचा शब्द मला सापडत नाही.

लोक म्हणाले म्हणे की आवाज फुसका झाला. त्यांचं मनावर घेऊ नकोस. मोकळ्या माळावर तो तसाच होणार.

आबांनी शेवटी एक सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. पलिता देऊन तू परत वर मठात गेलीस, आणि बार उडत असताना नव्या कोपऱ्याच्या दगडावर हात ठेवून एकटीच उभी होतीस. सरांनी यंत्र लावलं होतं, त्याचा आकडा ते मला कळवतील. काचांचंही कळवतील. पण अक्का, त्या दगडातून तुझ्या हाताला काय जाणवलं ते त्यात येणार नाही. तेवढं तू मला कळव.

तुझा,
तम्मा